पुडी, उधारी आणि क्यूआर: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात लिहिलं होतं की बाजार कुठे चाललाय हे कळायला मोठमोठे आकडे नंतर बघा, आधी गिऱ्हाईकाच्या हातात पैसा कधी येतो आणि किती येतो ते बघा. त्यावर बरीच पत्रं आणि मेसेज आले. त्यातले सहा प्रश्न घेतलेत, काहींना थोडक्यात उत्तर दिलंय आणि काहींवर जरा जास्तच लिहिलं गेलंय.

प्रश्न: ताई, मी कराडजवळच्या एका गावातला, बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे. बाबांचं किराणा दुकान आहे. लोक रोज दहा रुपयाचं तेल, पाच रुपयाची चहा पावडर नेतात. मोठं पाकीट घेतलं तर स्वस्त पडतं मग असं का करतात? आमचे एक सर म्हणतात की लोकांना हिशेब कळत नाही. हे फक्त आपल्याकडेच आहे का इतर देशांत पण असंच चालतं?

उत्तर: तुला अरेतुरे करते, माझ्या भाच्याच्या वयाचा आहेस. सरांचा मान ठेवून सांगते, हे मला अजिबात पटत नाही. मी मिरजेच्या किराणा दुकानदाराची मुलगी, दहावीपर्यंत रोज संध्याकाळी गल्ल्यावर बसायचे. सहा ते आठ हीच खरी धंद्याची वेळ असायची, कामावरून सुटलेल्या बायका यायच्या, हातात त्या दिवसाची मजुरी, आणि काउंटरसमोर उभ्या उभ्या त्या पैशाची वाटणी व्हायची, इतक्याचं तेल, इतक्याची चहा पावडर, पाव किलो साखर, हळदीची पुडी, पोराला बिस्किट, आणि उद्याच्या गाडीभाड्याचे पैसे वेगळे काढून कमरेला. एक पैसा इकडचा तिकडे होत नव्हता. अशा बाईने पाच लिटरचा डबा घेतला असता तर लिटरमागे थोडे वाचले असते हे तिलाही माहीत होतं, पण मग त्या रात्री भाजी कशाची आणि उद्या कामावर जायचं कशाने? ज्याचा महिन्याला पगार होतो तो महिन्याचं सामान भरतो, ज्याला रोज मिळतात तो रोज घेतो, आणि ज्याचा ऊस जातो किंवा सोयाबीन विकलं जातं तो वर्षातून दोनदा मोठी खरेदी करतो. अजून एक गोष्ट त्या बायका सांगायच्या, घरात डबा भरलेला दिसला की हात सैल सुटतो आणि शेजारीण वाटी घेऊन येते तिला नाही म्हणता येत नाही. म्हणजे थोडं आणणं हा पैसे राखायचा पण एक मार्ग होता.

ही गोष्ट कंपन्यांच्या आधी आपल्याच लोकांनी ओळखली. तामिळनाडूत कडलूरला चिन्नी कृष्णन नावाचे गृहस्थ होते, त्यांचं म्हणणं असं की श्रीमंत जे वापरतो ते मजुरालाही परवडलं पाहिजे, आणि त्यांच्या घरातूनच वेलवेट शांपूची पुडी बाजारात आली. त्यांचा एक मुलगा सी. के. रंगनाथन, त्याने 1983 साली 15,000 रुपये घालून वेगळा धंदा काढला आणि चिक शांपू आणला. त्याची एक स्कीम मला फार आवडते, कुठल्याही कंपनीच्या पाच रिकाम्या पुड्या आणा आणि चिकची एक भरलेली पुडी फुकट न्या. त्यातून एक तर हात धुवायच्या साबणाने केस धुणाऱ्या माणसाला शांपूची सवय लागली आणि दुसरं म्हणजे दुकानदाराला कळलं की हा माल फिरतोय. पुढे 1999 ला हीच पुडी 50 पैशाला मिळायला लागली. मोठमोठ्या परदेशी कंपन्या नंतर ह्या वाटेने आल्या.

आता घरी एक प्रयोग कर. दुकानात टांगलेल्या माळेतली शांपूची एक रुपयाची पुडी घे आणि त्याच शांपूची बाटली घे, दोन्हीवर छापलेलं मिली वाच आणि वहीत भागाकार कर. समजा पुडीत 6 मिली आहे, म्हणजे 180 मिलीला तीस पुड्या आणि तीस रुपये. तेवढ्याच मिलीच्या बाटलीचे किती होतात ते बघ, बऱ्याच वेळा दुपटी तिपटीच्या पुढे जातं. म्हणजे आपल्या देशात शांपूच्या बाबतीत पुडी घेणारा माणूस स्वस्तात घेतो आणि बाटलीवाला महागात घेतो! पुडीत स्पर्धा इतकी आहे की एक रुपयाचे दोन करायला कुणाची हिंमत होत नाही. सगळ्या मालाचं असं नाही, चहा, तेल, डिटर्जंट प्रत्येकाचा हिशेब वेगळा निघतो, तुझ्या सरांना ही वही नक्की दाखव.

इतर देशांचं विचारलंस. नवऱ्याच्या नोकरीमुळे मी चार वर्षं केनियात नैरोबीला होते आणि तिथे एका साबणाच्या कंपनीसाठी दुकानं फिरून सर्व्हे करायचं काम केलं. तिथे किराणा दुकानाला डुका म्हणतात, आपल्या दुकान शब्दाचाच भाऊबंद, आणि पैशाला पेसा! समोर लोखंडी जाळी, जाळीला छोटी खिडकी, आत साबण आपल्यासारखाच कापून तुकड्यावर विकायला ठेवलेला. थोड्या थोड्या मापाच्या ह्या सगळ्या व्यवहाराला ते लोक कडोगो म्हणतात, म्हणजे चिमुकलं. दुधाची मशिनं असतात, त्यांना मिल्क एटीएम म्हणतात, घरून बाटली न्यायची आणि दहा शिलिंगचं हवं तर दहाचं, वीसचं हवं तर वीसचं दूध घ्यायचं. पहिल्या दिवशी ते मशिन बघितलं तेव्हा मला आमच्या दुकानातलं तेलाचं माप आठवलं आणि डोळ्यात पाणीच आलं. फिलिपिन्समध्ये सारी-सारी नावाची दुकानं घराच्या खिडकीतच असतात आणि सुट्टं विकण्याला टिंगी म्हणतात, तिथे लसणाची एक पाकळी पण मिळते. इंडोनेशियात वारुंग. नावं वेगळी, पण कामावरून येणाऱ्या बाईच्या हातातला हिशेब तोच.

फक्त एक काळजीची बाजू आहे ती सोडून पुढे जाता येत नाही. बऱ्याच देशांत आणि बऱ्याच मालात लहान पाकिटाचा दर खरोखर जास्त पडतो, म्हणजे ज्याच्याकडे कमी आहे त्यालाच जास्त मोजावे लागतात. चिलीत एका तरुणाने ह्याच रागातून 2013 च्या सुमाराला अल्ग्रामो नावाचा उद्योग काढला, नावाचा अर्थच ग्रॅमवर. दुकानात मशिन, आपला डबा न्यायचा, हवा तेवढा माल घ्यायचा आणि मोठ्या पाकिटाच्याच दराने. दुसरी गोष्ट म्हणजे रिकाम्या पुड्या, त्या कुणी भंगारवाला घेत नाही, ओढ्यात आणि गटारीत जातात. आपल्याकडे सुट्टं विकायची जुनी पद्धत अजून जिवंत आहे, बाबांच्या दुकानात सुट्ट्या साखर-डाळीचं माप असेल तर ते टाकून देऊ नका.

प्रश्न: पाच रुपयाच्या बिस्किटच्या पुड्यात बिस्किटं कमी होत चाललीत. हा फसवणुकीचा प्रकार नाही का? एक गृहिणी, नांदेड

उत्तर: ताई, वजन छापलेलं असेल आणि तेवढं भरत असेल तर कायद्याने फसवणूक नाही, पण तुमची चिडचिड बरोबर आहे, कारण आपण नाण्याने खरेदी करतो आणि वजन कुणी वाचत नाही. पाच आणि दहा ह्या किमती कंपनी मोडत नाही कारण सुट्टे नसले की दुकानदार दुसरा पुडा पुढे करतो, मग गहू, साखर, पामतेल महागलं की किंमत तीच ठेवून ग्रॅम कमी होतात. 22 सप्टेंबर 2025 पासून बिस्किट, साबण, शांपू, टूथपेस्टवरचा जीएसटी 18 टक्क्यांवरून 5 वर आला तेव्हा उलटं व्हायला पाहिजे होतं आणि बऱ्याच पुड्यांत ग्रॅम वाढलेही. तुमच्या हातातल्या पुड्यावर वाढले का ते बघा. आता पाकिटांवर एमआरपीजवळ बारीक अक्षरात प्रति ग्रॅम दर पण छापावा लागतो, दोन कंपन्यांची तुलना त्यावरून करा, पुड्याच्या आकारावरून करू नका. वजन कमी भरलं तर मात्र 1915 ह्या ग्राहक हेल्पलाइनला फोन करा किंवा वैधमापन विभागाकडे लेखी द्या, बिल जवळ ठेवा.

प्रश्न: माझी आई सोलापुरात मंडईबाहेर भाजी विकते. शेजारच्या काकांनी सांगितलं की क्यूआर काढून टाक नाहीतर जीएसटीची नोटीस येते, कर्नाटकात आली म्हणे. आई घाबरलीये. काय करू?

उत्तर: आईला सांग घाबरू नको. काकांनी ऐकलं ते खोटं नाहीये, जुलै 2025 मध्ये कर्नाटकात यूपीआयवर जमा झालेले पैसे बघून बेकऱ्या, चहाच्या टपऱ्या, भाजीवाले अशा हजारो लोकांना नोटिसा गेल्या, हावेरीच्या एका भाजीवाल्याला 29 लाखांची. बंगळुरात लोकांनी क्यूआरचे स्टिकर फाडून 'फक्त रोख' अशा पाट्या लावल्या. बराच गोंधळ झाला आणि मग तिथल्या सरकारने सांगितलं की मागची थकबाकी वसूल करणार नाही पण पुढे नोंदणी करा. मला त्या भाजीवाल्यांचं फार वाईट वाटलं. सरकारनेच क्यूआर लावा म्हणून सांगितलं, माणसाने विश्वास ठेवला, आणि त्याच्याच नोंदी त्याच्यासमोर कागद म्हणून आल्या.

पण आईचा मामला साधा आहे. ताज्या सुट्ट्या भाजीवर जीएसटीच नाही, आणि जो माणूस फक्त करमुक्त मालच विकतो त्याला उलाढाल कितीही असली तरी नोंदणीची गरज नाही. इतर माल विकणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाच्या उलाढालीची मर्यादा 40 लाख आहे. तेव्हा भाजी खरेदीच्या बाजार समितीच्या पावत्या एका पिशवीत ठेवत जा, घरचे आणि नातेवाइकांचे पैसे त्याच क्यूआरवर घेऊ नका, एवढं पुरे.

आणि क्यूआर काढू नका. 2016 ला यूपीआय आलं, ऑगस्ट 2025 मध्ये महिन्याला 2,000 कोटींच्या वर व्यवहार झाले, आणि ह्यातले खूपसे असे वीस, तीस, पन्नास रुपयांचे आहेत. केनियात एम-पेसा नावाची मोबाईलवरून पैसे पाठवायची सेवा 2007 पासून आहे, आपल्या कितीतरी आधी, आणि त्याने लोकांची मोठी सोय केली, नैरोबीतला वॉचमन रात्रीत गावाला पैसे पाठवायचा, पण तिथे पैसे पाठवायला आणि काढायला चार्ज पडतो. आपल्याकडे दुकानदाराकडून काही घेत नाहीत म्हणूनच पाटीवाल्या मावशींपर्यंत ते पोचलं. आईच्या फोनमध्ये रोज जमा होणारे ते पैसे म्हणजे तिच्या धंद्याचा पहिला लेखी पुरावा आहे. पीएम स्वनिधी ह्या फेरीवाल्यांसाठीच्या सरकारी कर्ज योजनेत आता पहिलं कर्ज 15,000, ते फेडलं की 25,000 आणि मग 50,000 मिळतं. महापालिकेत पथविक्रेता म्हणून नाव नोंदवलंय का ते आधी बघ. पहाटे मार्केटला जाताना दिवसाच्या व्याजाने पैसे उचलणाऱ्या बायका मी बघितल्यात, सकाळी नऊशे हातात आणि संध्याकाळी हजार परत. त्यातून आई सुटली तर ह्या क्यूआरचं खरं काम झालं म्हणायचं.

प्रश्न: ताई नमस्कार. पिंपरी-चिंचवडमध्ये माझं बावीस वर्षांचं किराणा दुकान आहे. दीड वर्षात धंदा जवळजवळ एक तृतीयांश कमी झालाय. सोसायटीच्या गेटवर दिवसभर दहा मिनिटवाल्या डिलिव्हरीच्या गाड्या. मुलगा म्हणतो दुकान भाड्याने देऊ. तुम्ही खरं सांगा, किराणा संपणार का?

उत्तर: काका, खोटा धीर देणार नाही. माझ्या वडिलांचं दुकान असतं तर जे सांगितलं असतं तेच लिहिते.

तुमचं गिऱ्हाईक खरंच गेलंय आणि सगळं परत येणार नाही. डिस्ट्रिब्युटर लोकांची जी देशपातळीवरची संघटना आहे तिने 2024 च्या शेवटी सांगितलं होतं की वर्षभरात दोन लाख किराणा दुकानं बंद पडली, तो त्यांचा अंदाज आहे, पण मोठ्या शहरांत फटका बसलाय ह्यात शंका नाही. ब्लिंकिट, झेप्टो, इन्स्टामार्ट ह्या दहा मिनिटवाल्या ॲपचं गोदाम तुमच्यापासून दोन किलोमीटरच्या आत असतं, तिथे गिऱ्हाईक जात नाही, फक्त माल उचलणारी मुलं रॅकमधून पळतात. भाडं, पोरांचा खर्च, सूट, हे सगळं बरीच वर्षं गुंतवणूकदारांच्या पैशातून भागवलं गेलं. तुम्हाला मात्र पहिल्या दिवसापासून गल्ल्यातूनच घर चालवायचं होतं. ही स्पर्धा सारख्या जोराची नाही आणि तुमचा राग रास्त आहे.

माल घेण्यातही तेच. जानेवारी 2022 मध्ये आपल्या महाराष्ट्रातल्या डिस्ट्रिब्युटर लोकांनी हिंदुस्थान युनिलिव्हर आणि कोलगेटचा काही माल उचलणं थांबवलं होतं, आठवत असेल तुम्हाला. तक्रार सरळ होती, घाऊक ॲपवाल्यांना आणि कॅश अँड कॅरीवाल्यांना, म्हणजे रोखीने घाऊक विकणाऱ्या मोठ्या दुकानांना, आमच्यापेक्षा स्वस्त माल का? तो वाद तेव्हा चर्चेने मिटवला गेला पण प्रश्न तिथेच आहे.

पण मोठं दुकान आलं म्हणजे लहान मेलं असंही कुठे सरळ झालेलं नाही. नैरोबीत आम्ही नाकुमाट नावाच्या सुपरमार्केटमध्ये जायचो, नाकुरू गावातल्या गाद्यांच्या दुकानापासून वाढलेली कंपनी, पूर्व आफ्रिकेतली सगळ्यात मोठी, चकाचक. कर्ज काढून काढून शाखा वाढवल्या, मग पुरवठादारांचे पैसे थकले, मग रॅक रिकामे दिसायला लागले. रिकामा रॅक गिऱ्हाईकाला बरोबर दिसतो काका, आज ह्यांच्याकडे साखर नाही म्हटल्यावर उद्या तो येतच नाही. 2017 ला ती कंपनी कोसळायला लागली आणि दोन-तीन वर्षांत संपली, आणि समोरचे डुके चालूच. आपल्याकडे बिग बझारचंही कर्जातच झालं. उलट डीमार्ट बघा, पहिलं दुकान 2002 ला पवईत, जागा शक्यतो स्वतःच्या मालकीची घ्यायची, पुरवठादाराचे पैसे लवकर चुकते करायचे म्हणजे तो दर कमी देतो, आणि शाखा हळूहळू. लवकर पैसे देणाऱ्याला स्वस्त माल हे तर आपल्या मार्केट यार्डातलं जुनं गणित आहे.

आता तुमच्या दुकानाचं. बिलाची वही घेऊन बसा आणि काय गेलंय ते बघा. माझा अंदाज आहे की आधी गेलंय ते चिप्स, कोल्ड्रिंक, चॉकलेट, आइस्क्रीम, मॅगी, सॅनिटरी पॅड, डायपर, म्हणजे ज्याला माप लागत नाही आणि ज्यात विश्वासाचा प्रश्न नाही असा छापील किमतीचा माल. राहिलंय ते काय? सुटं धान्य, दळणाचा गहू, शेंगदाणे, पोहे, मसाल्याचं सामान, पूजेचं, उपवासाचं, आणि उधारी. छापील मालात तुम्हाला आठ-दहा टक्के सुटतात, सुट्ट्या मालात नीट खरेदी केली तर दुप्पट. तेव्हा पुढची दर्शनी जागा चिप्सला देऊ नका, ज्वारीला द्या. मालदांडी कुठली, ह्या वर्षीची का मागची, भाकरी कशी होते, हे ॲप सांगत नाही, तुम्ही सांगता.

सोसायटीतल्या फ्लॅटवाल्यांच्या मागे धावण्यापेक्षा त्याच सोसायटीत कामाला येणाऱ्या मावश्या, वॉचमन, ड्रायव्हर, बांधकामावरचे लोक, कॅन्टीनवाले, पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या ताई, ह्यांचा विचार करा. ह्यांना पंधरा दिवस थांबणारं दुकान लागतं, आणि दहा मिनिटांत माल पाठवणारं ॲप पंधरा दिवस थांबत नाही. म्हणजे ॲपवरही आता 'नंतर द्या' आलंय, पण एक तारीख चुकली की चार्ज लागतो, आणि वॉचमनचा पगार सात तारखेऐवजी अकराला झाला तर तुम्ही फक्त वहीत खूण करता.

उधारी मात्र आंधळी नको. प्रत्येक खात्याला पगाराची तारीख लिहा आणि तेवढीच मर्यादा द्या. आमच्या दुकानात दोन मोठी खाती बुडाली तेव्हा वडिलांनी तीन महिने गव्हाचा व्यापारी चुकवला होता, मी तेव्हा सातवीत होते, व्यापारी आला की ते मागच्या दाराने निघून जायचे. तसलं तुमच्या वाट्याला येऊ नये.

राहिला मुलाचा प्रश्न. जागा स्वतःची असेल तर भाड्याचा खरा आकडा काढा आणि सहा महिने दुकानाचा निव्वळ नफा त्याच्याशेजारी लिहा, त्यात तुमचा आणि वहिनींचा पगार धरा, तो आपण कधी धरतच नाही. सहा महिन्यांनी भाडं जास्त भरत असेल तर भाड्याने द्या, त्यात हार नाही. जागा भाड्याची असेल आणि करार संपत आला असेल तर अर्धा गाळा घ्या आणि सुटं धान्य-मसाला एवढंच ठेवा.

प्रश्न: घरात फ्रीज, मोबाईल, टीव्ही सगळं हप्त्यावर आलंय, वर बचत गटाचं वेगळं. झिरो टक्के म्हणतात मग घ्यायला काय हरकत?

उत्तर: हप्त्यावर घेण्यात वाईट काही नाही. ब्राझीलमध्ये कासास बाहिया नावाची दुकानं ह्यावरच मोठी झाली, पोलंडहून आलेला एक निर्वासित दारोदार चादरी विकायचा, त्याने पगाराची पावती नसलेल्या मजुरांनाही हप्त्याने वस्तू दिल्या, हप्त्याचं एक छोटं पुस्तक असायचं आणि ते घेऊन दर महिन्याला दुकानातच यायला लागायचं. त्यांना माणूस तोंडाने ओळखता यायचा. आत्ताच्या ॲपला तुमचं तोंड माहीत नाही, हप्ता तुमच्या खात्यातून आपोआप कापला जातो आणि खात्यात नसले की बँकेचा दंड वेगळा आणि फायनान्सवाल्याचा वेगळा. झिरो टक्क्यात प्रोसेसिंग फी विचारा आणि रोखीने घेतलं तर किती सूट मिळते ते विचारा, तो फरक म्हणजेच व्याज. रिझर्व्ह बँकेने मायक्रोफायनान्ससाठी, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांना मिळणाऱ्या छोट्या कर्जांसाठी, नियम केलाय की घराचे सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाऊ नयेत. मी म्हणेन तुमच्या घराची रेघ एक तृतीयांशवर ओढा, कारण एक आजारपण आलं की सगळंच कोलमडतं. नवीन काही घेण्याआधी जे चालू आहेत त्यातले दोन संपवा.

प्रश्न: आमचा लातूर जिल्ह्यात दहा जणींचा बचत गट आहे, शेंगदाणा आणि जवस चटणी करतो. प्रदर्शनात पाव किलोची पाकिटं खपतात, गावात खपत नाहीत. पाच रुपयाची पुडी काढावी का?

उत्तर: ताई, काढा, पण गणित उलट्या बाजूने करा. आपण काय करतो, खर्च काढतो, त्यावर नफा लावतो आणि किंमत ठरवतो. पुडीला ते चालत नाही, पाच रुपये आधी ठरलेत.

समजा एमआरपी 5. नव्या नावाच्या मालाला दुकानदार एक रुपया तरी मागणार, कारण त्याच्या खिळ्याला टांगायची जागा तेवढीच आहे. राहिले 4. गावोगाव पोचवायला कुणी टू-व्हीलरवर फिरणार असेल तर त्याचे 40 पैसे. राहिले 3.60. छापील पाऊच, सीलिंग, लाईट, मजुरी मिळून 80 पैसे धरा. राहिले 2.80. त्यातले 50 पैसे गटाचा नफा आणि 20 पैसे परत आलेल्या किंवा खराब झालेल्या मालासाठी. हातात 2.10 रुपयाची चटणी. तुमची चटणी किलोला 300 रुपयांत तयार होत असेल तर एका पुडीत 7 ग्रॅम. एक चमचा! आता एक चमचा चटणी कोण घेईल? घरची बाई नाही घेणार, ती तर स्वतः कुटते. घेईल तो घराबाहेर जेवणारा, ऊसतोडीला, बांधकामावर, कॉलेजच्या डब्याला, वडापावच्या गाडीवर. तेव्हा पुडीची माळ किराणा दुकानाच्या आधी चहा-नाष्ट्याच्या गाड्यांवर, एसटी स्टँडवर आणि शाळेजवळ लावून बघा, आणि दहाची 15-16 ग्रॅमची पुडी पण बरोबर ठेवा, कारण दहाच्या पुडीत पॅकिंगचा खर्च दुप्पट होत नाही.

बाजार तुमच्या बाजूने आहे. सरकारच्या 2023-24 च्या घरखर्चाच्या पाहणीत खेड्यात माणशी महिन्याचा खर्च 4,122 रुपये आला, शहरात 6,996, आणि दोन्हीकडे खाण्याच्या खर्चात सगळ्यात मोठा वाटा धान्याचा नाही, दुधाचा पण नाही, तर पेयं आणि तयार खाण्याचा आहे. म्हणजे गावातली माणसं तयार खायला पैसे घालतायत, ते आज बाहेरच्या चिप्सला आणि कुरकुऱ्याला जातात. करसनभाई पटेलांनी अहमदाबादला 1969 पासून सायकलवर घरोघर निरमा विकला, मोठ्या कंपनीच्या पावडरीपेक्षा कितीतरी स्वस्त, आणि शेवटी त्या मोठ्या कंपनीला स्वतःची स्वस्त पावडर काढायला लागली.

दोन चुका टाळा. एक, पहिल्याच वेळी पन्नास हजार छापील पाऊच मागवू नका, छपाईवाला तसं सांगेल कारण त्याला ते परवडतं. साधे पारदर्शक पाऊच आणि त्यावर स्टिकर, स्टिकरवर नाव, वजन, एमआरपी, तारीख, एफएसएसएआय म्हणजे अन्नसुरक्षा खात्याचा नोंदणी नंबर, सगळं पाहिजे. आणि दुसरं, शेंगदाण्याला खवट वास लवकर येतो, उन्हात टांगलेल्या पारदर्शक पुडीत तर आणखीच लवकर. वीस पुड्या घराच्या पत्र्याखाली टांगून ठेवा, दर आठवड्याला एक फोडून चाखा आणि कितव्या आठवड्याला वास आला ते लिहून ठेवा. त्याच्या निम्मी मुदत पुडीवर छापा, आणि गाडीवाल्याकडून न खपलेली माळ मुदतीच्या आधीच परत उचलून आणा.